तडा गेल्यानंतरचं गणित

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. घड्याळात ४ वाजून २१ मिनिटं झाली होती, तेव्हा कोयनेच्या खोऱ्यात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या आसपास होती आणि केंद्र धरणापासून काही किलोमीटरवर. कोयनानगरातली घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली; पावणेदोनशेच्या वर माणसं दगावली. त्या वेळी १०३ मीटर उंचीच्या धरणामागे ९१ मीटरहून जास्त खोल पाणी उभं होतं. धरण फुटलं असतं तर खाली कऱ्हाडपर्यंत काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

धरण फुटलं नाही, पण तडकलं. उजाडल्यावर पाहणी झाली तेव्हा सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर आडवे तडे आढळले. काही पाण्याच्या बाजूला होते, काही कोरड्या बाजूला, आणि काही ठिकाणी कोरड्या बाजूने पाणी पाझरत होतं. म्हणजे तिथे तडा आरपार गेला असावा. हे सगळे तडे साधारण एकाच पातळीवर होते, तळापासून सुमारे ६६ मीटरवर, जिथे धरणाच्या कोरड्या बाजूचा उतार एकदम बदलतो.

धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, १-अ या खंडात, एक त्वरणमापक बसवलेला होता. त्याने तो हादरा क्षणाक्षणाने नोंदवून ठेवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेने ०.४७ पट आणि उभ्या दिशेने सुमारे ०.३ पट. एकीकडे नेमकी नोंद, दुसरीकडे त्याच हादऱ्याने पडलेले खरे तडे. या दोन गोष्टी एकाच बांधकामात हाती लागणं फार दुर्मीळ. पदार्थ कसे वाकतात, ताणले जातात आणि तुटतात याचं संगणकावर गणित मांडणाऱ्या संशोधकांना त्या पहाटेने एक कसोटी दिली. आज कुठल्याही देशातल्या कुणी काँक्रीटच्या तड्याचं नवं गणित मांडलं, तर ते कोयनेवर चालवून बघण्याचा प्रघात आहे. बांधकामाचं विश्लेषण करणाऱ्या एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहातही कोयनेचा खंड आहे.

या प्रघातामागचा प्रश्न साधा आहे. एखादी वस्तू किती ताण सोसेल हे सांगणं तुलनेने सोपं. तो ताण ओलांडल्यावर पुढे काय, ती तिथल्या तिथे मोडेल की तडा घेऊन उभी राहील, हे सांगणं अवघड. माणसांचा जीव मात्र या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असतो.

कोयनेचं धरण आखलं गेलं तेव्हाची जगभरची रीत अशी होती. भूकंपाचा जोर म्हणून धरणाच्या वजनाचा ठरावीक हिस्सा घ्यायचा, तो आडवा लावायचा आणि हिशेब करायचा. कोयनेसाठी हा हिस्सा वजनाच्या शेकडा ५ धरला होता. या रीतीत एक गृहीत दडलेलं आहे: धरण तळापासून माथ्यापर्यंत सारखंच हलतं. तसं धरलं की सगळ्यात जास्त ताण तळाशी निघतो आणि वरच्या भागाची काळजी करण्याचं कारण उरत नाही. प्रत्यक्षात तळ शाबूत राहिला आणि तडे वर, उतार बदलतो त्या मानेशी पडले. सूत्र फक्त आकड्यात कमी पडलं असतं तर आकडा वाढवून भागलं असतं. त्याने बोटच चुकीच्या जागेवर ठेवलं होतं, आणि मला हीच गोष्ट जास्त गंभीर वाटते.

धरण प्रत्यक्षात कसं हलतं हे काढायचं तर त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे हलू द्यावा लागतो. अखंड वस्तूतल्या अगणित बिंदूंचं गणित कागदावर सुटत नाही, साध्या आकारांचे मोजके अपवाद सोडले तर. म्हणून वस्तूचे कल्पनेत लहान लहान तुकडे पाडायचे, त्रिकोणी किंवा चौकोनी. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर लक्ष ठेवायचं: अमुक कोपरा एवढा सरकला तर तो तुकडा केवढ्या जोराने प्रतिकार करेल? शेजारच्या तुकड्यांचे कोपरे सामाईक असतात, त्यामुळे ही सगळी समीकरणं एकमेकांत गुंततात. ती हजारो असली तरी साधी असतात, आणि संगणकाला तेवढंच हवं असतं. गणितज्ञ रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये या वाटेचा एक टप्पा मांडला होता. विमानाच्या पंखांसाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये ती पद्धत कामाला लावली. रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला दिलेलं ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहे.

विमानाच्या पंखावरून ही पद्धत लवकरच एका तडकलेल्या धरणाकडे वळली. अमेरिकेत अर्कान्सास राज्यातल्या नॉरफोर्क धरणाच्या एका खंडात उभा तडा होता, आणि त्यासह धरण कितपत सुरक्षित आहे हे तिथल्या अभियंत्यांना जाणून घ्यायचं होतं. क्लफ आणि त्यांचे सहकारी एडवर्ड विल्सन यांनी १९६२ मध्ये ते गणित करून दिलं. नागरी बांधकामावर या पद्धतीचा हा अगदी सुरुवातीचा खरा उपयोग.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही पद्धत नवी होती. क्लफ ज्या बर्कले विद्यापीठात शिकवत, तिथलेच अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये कोयनेच्या तड्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. धरणाचा आडवा छेद, मागचं पाणी आणि १-अ खंडातली नोंद एकत्र घेऊन त्यांनी ते काही सेकंद पुन्हा घडवले. कोयनेचा उंच खंड स्वतःच्या नैसर्गिक लयीने सेकंदाला सुमारे ३ वेळा हेलकावतो. भूकंपातली कंपनं त्या लयीच्या आसपासची असली की माथा तळापेक्षा कितीतरी जास्त झुलतो. कोयनेचा माथा जाड आणि जड आहे, आणि त्याच्या खाली, उतार बदलतो त्या मानेपासून, धरण झपाट्याने रुंद होत जातं. झुलणाऱ्या माथ्याचा सगळा भार या मानेवर येतो. मानेशी दोन्ही बाजूंना निघालेला ताण काँक्रीटला पेलवेल त्याच्या खूप पुढे गेलेला होता. खरे तडे बरोबर तिथेच होते.

जागा सापडली, हे मोठं यश होतं. पण या गणिताला तडा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यातलं काँक्रीट कितीही ओढलं तरी ताणल्या प्रमाणात ओढ देत राहतं. ताण सोसवेनासा झाला एवढं ते सांगतं आणि तिथे थांबतं. धरण तर थांबलं नव्हतं. ते तडकलं आणि उरलेले सेकंद तडकलेल्या अवस्थेत हेलकावत राहिलं.

पुढची वाट वाटली त्याहून खडतर निघाली. पहिला विचार कुणालाही सुचेल असा: ज्या तुकड्यातला ताण मर्यादेबाहेर गेला, त्याची ताकद शून्य करा आणि हिशेब पुढे न्या. तसं करून पाहिल्यावर विचित्र गोष्ट दिसली. तुकड्यांची जाळी जाड ठेवली तर एक उत्तर, बारीक केली तर दुसरं. एरवी जाळी बारीक केली की उत्तर सत्याच्या जवळ जातं. इथे तुकडे जितके बारीक, तितका तडा सहज पडायचा, आणि तुकडे अतिसूक्ष्म केले तर धरण जवळजवळ काहीच खर्च न होता फुटायचं. कारण असं की तडा एका तुकड्याच्या रुंदीत मावतो. तुकडा अरुंद केला की तो तोडायला लागणारी ऊर्जाही कमी होते. संशोधकाने जाळी किती बारीक घेतली यावर धरणाचं मोडणं ठरणार असेल, तर त्या गणितावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर पदार्थातच होतं, फक्त नीट बघायला हवं होतं. काँक्रीटचा तुकडा हळूहळू, काळजीपूर्वक ओढला तर तो मर्यादा गाठल्याबरोबर दोन भाग होत नाही. आत बारीक भेगा उघडतात, खडीचे दाणे दोन्ही काठ धरून ठेवतात आणि ओढ घसरत घसरत शून्यावर येते. या घसरणीत पदार्थ जी ऊर्जा खातो ती त्याचा स्वतःचा गुण आहे, तुमच्या जाळीचा नाही. स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हा विचार गणितात बसवला. अमेरिकेत बाझांत आणि ओ यांनी १९८३ मध्ये तो तुकड्यांच्या जाळीला लागू पडेल अशा रूपात आणला: तुकडा लहान असो की मोठा, तड्याच्या एक चौरस मीटरमागे खर्ची पडणारी ऊर्जा ठरलेलीच ठेवायची. कोयनेच्या हिशेबांत ती बहुतेकदा १०० ते २०० ज्यूल धरतात. धरणासारख्या प्रचंड वस्तूत एक चौरस मीटर तडा उघडायला लागते ती ऊर्जा २० किलो धान्याचं पोतं मीटरभर उचलण्याइतकी, याहून जास्त नाही. काँक्रीट ओढीखाली किती दुबळं आहे, हे मला तरी या एका आकड्याने जेवढं समजलं तेवढं दुसऱ्या कशाने समजलं नाही.

तरीही एक गोष्ट राहिली होती. भूकंप एकाच दिशेने ओढत नाही. माथा पुढे झुलला की मागचा तडा उघडतो, मागे आला की तो मिटतो आणि पुढचा उघडतो. मिटलेला तडा ओढ घेत नाही, दाब मात्र पुन्हा पूर्वीसारखा घेतो. बार्सिलोना आणि बर्कले इथल्या संशोधकांनी १९८९ मध्ये काँक्रीटचं एक प्रतिमान मांडलं होतं. जीहो ली आणि ग्रेगरी फेन्व्ह्ज यांनी ते सुधारून ही उघडझाप त्यात आणली आणि १९९८ मध्ये कोयनेवर चालवली. काँक्रीटची ओढ सोसण्याची मर्यादा २.९ मेगापास्कल धरली, दाब सोसण्याची तिच्या आठपटीहून जास्त. त्यांच्या गणितात मोठा तडा कोरड्या बाजूला उतार बदलतो तिथून आत शिरला आणि जाताना खाली वळला, कारण वरचा तुकडा तेव्हा डोलत होता. डोलला, पण घसरला नाही. मिटलेला तडा दाब घेत राहिला आणि धरण उभं राहिलं, त्या पहाटे राहिलं तसंच.

इथे मी वाचकाला थोडं सावध करू इच्छितो. गणितातला तडा खऱ्या तड्याशी जुळला म्हणून गणित सिद्ध झालं, असं मानण्याचा मोह मोठा असतो. कोयनेची मान इतकी अरुंद आहे की तडा तिथे पडणार हे बऱ्यावाईट सगळ्याच प्रतिमानांतून निघतं. ताणशक्तीचा आकडा कुणी १ मेगापास्कल घेतला, कुणी २.९, तरी तडा मानेशीच. या हिशेबांत धरण बहुधा एका सपाट छेदाएवढंच असतं. पाण्याकडची बाजू सरळ उभी धरलेली असते आणि खालचा खडक पुष्कळदा ताठर. कोयनेचं काँक्रीटही साधं नाही, त्यात मोठमोठे दगड रोवलेले आहेत. चांगला संशोधक ‘माझं उत्तर जुळलं’ म्हणून थांबत नाही. काय बदललं असतं तर ते जुळलं नसतं, हे तो शोधतो.

धरणाची दुरुस्ती या हिशेबांची वाट बघत बसली नव्हती. तडे इपॉक्सीने भरले, उंच खंड पोलादी तारा ताणून आवळले, आणि पुढे सांडव्याबाहेरच्या खंडांना कोरड्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार दिले. अरुंद मान अशा रीतीने जाड झाली. हादऱ्यांची मोजदाद त्याच्याही आधीपासून चालू होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे गुहा, गोसावी, पाडळे आणि त्यांचे सहकारी कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतीच्या लहानमोठ्या हादऱ्यांचा माग घेत होते. त्यांच्यासारख्यांनी मोजून ठेवलं नसतं, तर पुढच्या कुणाच्याच संगणकाला खायला काही मिळालं नसतं.

आता धरणाकडून घरांकडे, कोयनेकडून पूर्वेला वळू. कोयनेखाली बेसॉल्टचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड आहे आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. पूर्वेकडे यावं तसा हा काळा दगड पातळ होत जातो. १९९३ मध्ये भूकंप झालेल्या किल्लारीजवळ राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने विंधनछिद्र घेतलं, तेव्हा तो ३३८ मीटरवर संपला. आणखी पुढे बसवकल्याण तालुक्यातलं मंठाळ, म्हणजे बीदर आणि कलबुर्गी यांच्या सीमेवरचा मुलूख. उत्तरेला बीदरचा तांबडा जांभा, दक्षिणेला कलबुर्गीच्या पलीकडे काळा दगड संपून शहाबादी फरशीचा चुनखडक सुरू होतो. या पट्ट्यातल्या मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांच्या जुन्या घरांच्या भिंती हाताशी मिळेल त्या दगडाच्या आणि मातीच्या आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जो भूकंप झाला, त्याची तीव्रता कोयनेच्याच जवळपास होती, ६.२. धक्का बीदर-कलबुर्गीच काय, थेट हैदराबादपर्यंत जाणवला. मृत्यू मात्र आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. गणेशविसर्जन उरकून लोक उशिरा झोपले होते. फरक भिंतींनी केला.

ती भिंत बाहेरून अभेद्य दिसते, दोन फुटांपासून कुठे कुठे पाच-सहा फुटांपर्यंत जाड. आतून तिचे दोन पदर असतात. बाहेरच्या बाजूला घडीव चेहऱ्याचे दगड, आतल्या बाजूला तसेच, आणि मध्ये कपच्या, गोटे, माती. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच असतो. वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर, उन्हाळ्यात गारवा देणारा आणि भूकंपात डोक्यावर येणारा. हादरा बसला की मधली भर खाली बसते, दोन्ही पदरांना बाहेर ढकलते, पदर फुगतात आणि ढासळतात. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतीने माणसं मारली.

धरणाचं गणित या भिंतीला लावता येत नाही. धरणात पदार्थ अखंड आहे आणि तडा नव्याने पडतो. या भिंतीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक दगडाभोवती तडाच आहे. मातीची ओढ सोसण्याची ताकद जवळजवळ नाहीच, भिंत उभी असते ती वजनावर आणि घर्षणावर. अशा ढिगाऱ्यासाठी पीटर कुंडल यांनी १९७१ मध्ये वेगळी वाट काढली, ती खडकातल्या सुट्या ठोकळ्यांसाठी. प्रत्येक ठोकळा स्वतंत्र धरायचा. दोन ठोकळे कुठे टेकतात, किती दाबाने, केव्हा घसरतात, हे सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यांनी मोजत जायचं. प्रत्येक दगड न्यूटनच्या नियमाने हलतो, बाकी सगळं स्पर्शांच्या हिशेबात. ही पद्धत भिंत फुगताना आणि ढासळताना दाखवू शकते. मात्र तिला आतल्या दगडांचे आकार, मातीचं घर्षण आणि आरपार दगड किती आहेत हे सांगावं लागतं. आणि यातलं जवळपास काहीच कुणी मोजून ठेवलेलं नसतं.

किल्लारीच्या मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली त्वरणाची नोंदही नाही, कारण त्या भागात तसं यंत्रच नव्हतं. हा मुलूख तेव्हाच्या भूकंपनकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोयनेला नोंद होती, तडे होते, आराखडे होते, म्हणून जगभरचे निबंध कोयनेवर लिहिले गेले. जास्त माणसं जिथे मेली, तिथल्या भिंतीला कसोटी म्हणून वापरायला पुरेशी मोजमापंच नाहीत. संशोधन मोजमापांच्या मागे जातं, यात संशोधकांना दोष देण्यासारखं काही नाही. पण मला ही गोष्ट सलते.

उपाय ठाऊक नाहीत असं मुळीच नाही. दगडमातीच्या बांधकामासाठीचं भारतीय मानक १३८२८, नेमकं १९९३ सालचंच, सांगतं की आरपार दगड एकमेकांपासून उंचीत ६० सेंटिमीटरच्या आत आणि लांबीत १२० सेंटिमीटरच्या आत असावेत. किल्लारीनंतर महाराष्ट्रात जुन्या भिंतींना भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून असे बंध बसवण्याची पद्धत शिकवली गेली. पण ६० च्या जागी ९० घेतले तर काय होईल, माळवदावरची निम्मी माती काढली तर बंध किती कमी लागतील, पावसाळ्यात ओली झालेली भिंत उन्हाळ्यातल्या भिंतीपेक्षा किती दुबळी, हे प्रश्न खर्चाचे आहेत, आणि गरीब घरात खर्चच सगळं ठरवतो. त्यांची उत्तरं हिशेबातून मिळू शकतात.

त्यासाठी लागणारी मोजमापं महागडी नाहीत. मंठाळ-बसवकल्याणच्या पट्ट्यात जुनी घरं पाडून त्या जागी ब्लॉकची घरं उभी राहताहेत. पाडकाम सुरू होण्याआधी एका भिंतीचा छेद स्वच्छ उघडा करून त्याचे फोटो काढता येतात, त्यावरून प्रत्येक दगडाची बाह्यरेषा संगणकात उतरते. आरपार दगड मोजता येतात. मधल्या भरीची माती सुकवण्याआधी आणि नंतर तोलली की ओल कळते. दोन दगडांमध्ये तीच माती घालून खालचा दगड हळूहळू कलता केला, की वरचा कोणत्या कोनाला घसरतो ते दिसतं. घर्षणाचा आकडा मिळवण्याचा हा सगळ्यात जुना मार्ग आणि अजूनही चांगला. कलबुर्गीला १९५८ पासून पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बीदरला आणि खुद्द बसवकल्याणलाही अभियांत्रिकी शिक्षण मिळतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एका उन्हाळ्यात पंधरा-वीस भिंतींचे असे छेद घेतले, तर पुढचं काम हाताशी आहे: कुंडल यांच्या पद्धतीने चालणाऱ्या मोफत प्रणाली आज उपलब्ध आहेत. त्यात त्या भिंती उभ्या करता येतील आणि कोयनेची १९६७ ची नोंद त्यांच्या पायाखाली लावता येईल. कोणती भिंत किती सेकंद टिकते आणि पहिला दगड कुठला सुटतो, हे त्यातून समोर येईल.